मीटर नंतर बघा, आधी गाडीखाली वाका

"मीटरला फक्त ४२ हजार, सिंगल ओनर, घरची गाडी." जुन्या गाडीच्या जाहिरातीत एवढं वाचलं की आपल्याकडे कोकणात लोक टोकन घेऊन धावतात. पण कामासाठी रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर फिरणाऱ्याने, मग तो औषध कंपनीचा एमआर असो, विम्याचा सर्व्हेअर असो की हंगामात बागा पालथ्या घालणारा आंब्याचा व्यापारी, मीटरचा आकडा सगळ्यात शेवटी बघावा असं माझं मत आहे. किनाऱ्याला आठ वर्षं उभी राहून ४० हजार चाललेली गाडी आणि सातारा-सोलापूरकडे हायवेला १ लाख २० हजार चाललेली, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या असलेली गाडी, या दोन्हींतली मी दुसरी घेईन. डोळे झाकून नाही, पण घेईन.

इंजिन किलोमीटरने झिजतं, पत्रा मात्र खारा वारा आणि चार महिन्यांच्या पावसाने जातो, गाडी चालो वा न चालो. इंजिनचं काम कुठलाही चांगला मिस्त्री करून देतो. इंजिनखालचा क्रॉसमेंबर, म्हणजे इंजिन पेलणारी आडवी चौकट, सडला तर मात्र गाडी परवडेनाशी होते.

म्हणून पहिलं काम, गाडी रॅम्पवर चढवायची. हातात टॉर्च आणि एक स्क्रू-ड्रायव्हर. दाराखालचा लांब पोकळ पत्रा, जॅक लावायच्या जागा, चाकांच्या कमानींची आतली कड, लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा) जिथे बसतो तिथला पत्रा, स्टेपनीचा खड्डा, ब्रेकचे लोखंडी पाइप. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकं टोकायचं. टणक आवाज आला तर वरवरचा गंज, भद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर आतून खाल्लंय. दारांच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात, ती जांभ्याच्या लाल मातीने बुजतात, आत पाणी साचतं आणि दार आतून बाहेर सडत येतं. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतलं संपलेलं असतं. कमानीच्या कडेला लोहचुंबक लावून बघा. चिकटलाच नाही तर खाली पत्रा नाही, पुट्टी आहे (प्लॅस्टिकचं लायनर सोडून बोलतोय).

आणि खाली नवाकोरा काळा कोट चकचकत असेल तर खूश होऊ नका. गंजावर मारलेला कोट ओल आत कोंडून ठेवतो. विकायच्या आठवड्यात कोट कशासाठी मारला, एवढं विचारा.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ किंवा वेसवी-बागमांडले फेरीने रोज ये-जा केलेली गाडी असेल तर हे सगळं दुप्पट बारकाईने. भरतीला धक्क्याच्या उतारावर चाकं खाऱ्या पाण्यात जातात आणि ते पाणी डिस्क, सायलेन्सर, पाइप सगळीकडे उडतं.

दुसरी भीती पुराची. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, महाडही बुडालं. त्या पाण्यात गेलेल्या गाड्या साफ करून बाजारात येऊ शकतात, आणि आपल्याकडे पुराला तारीख लागत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गुंडाळलेल्या भागात चिखलाची रेघ आहे का बघा. सीटच्या रुळांचे बोल्ट, मॅटखालचा फेल्ट, फ्यूज बॉक्समधले हिरवट पडलेले पिन, हेडलाइटच्या आतली वाफ. वायरिंगमध्ये पाणी गेलेली गाडी आज चालते, सहा महिन्यांनी घाटात बंद पडते आणि दोष सापडत नाही. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी नको.

आता इंजिन. मालकाला आधी बजावायचं, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बॉनेटला हात लावून थंड आहे याची खात्री करा. सुरू होताना दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ साखळीचा खळखळाट आला तर टायमिंग चेन (इंजिनच्या आतली साखळी) किंवा तिला ताण देणारा टेन्शनर ढिला; ऑइल वेळेवर न बदलल्याचं हे लक्षण. इंजिन सुरू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून अलगद उचला. जोरात धूर फुंकत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळची पांढरी वाफ दोन मिनिटांत थांबते, थांबली नाही तर हेड गॅस्केटची शंका. कुलंटच्या टाकीत नुसतं गंजकट पाणी दिसलं तर तिथेच भाव पाडा, कारण रेडिएटर आणि वॉटर पंपही त्याच पाण्यात मुरलेत. मग ट्रायल, आणि ती बाजारपेठेत नव्हे. परशुराम, कुंभार्ली, आंबा, जो घाट जवळ असेल तो, चार माणसं बसवून आणि एसी लावून चढा. तिसऱ्या गिअरला दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढला पण गाडी ओढेना, तर क्लच संपला. उतरताना ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या. तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकला तर परत फिरा.

डिझेल की सीएनजी, यावर भांडणं होतात, त्यापेक्षा गुणाकार करा. रोज १०० किमी, महिन्याला २५ दिवस, म्हणजे वर्षाला ३० हजार. छोट्या सेडानने डिझेलवर २० चं अॅव्हरेज दिलं तर १,५०० लिटर. पेट्रोलवर १५ दिलं तर २,००० लिटर. सीएनजीवर किलोला २५ धरलं तर १,२०० किलो. आपल्या गावचे दर लावून बघा. सीएनजी कागदावर जिंकतो, पण ६० लिटरच्या टाकीत आठ-नऊ किलो बसतो, म्हणजे दिवसाआड पंपाची रांग, डिकी गेलेली आणि घाटात ताकद कमी. घेतलाच तर कंपनी फिटेड, आणि टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी झाल्याची नोंद बघूनच. टाकीचे पट्टे खाऱ्या हवेत गंजतात, तेही तपासा.

डिझेलमध्ये माझी पसंती २०१७ ते २०२० मधल्या बीएस-४ (धुराच्या जुन्या सरकारी निकषाच्या) गाड्यांना. मारुतीची १.३ डिझेल डिझायर, टोयोटाची इटिऑस. दोन्हींना टायमिंग चेन आहे, तालुक्याच्या मिस्त्रीचा हात बसलेला आहे. माणसं जास्त न्यायची तर जुनी २.५ इनोव्हा, पण तिला चेनऐवजी टायमिंग बेल्ट आहे आणि तो १ लाख ५० हजार किलोमीटरला बदलावा लागतो. बदलल्याची पावती नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. बीएस-६ डिझेल घेताना आधीच्या मालकाने ती कुठे चालवली ते विचारा. शाळा-बाजार एवढ्याच फेऱ्या झाल्या असतील तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोंदलेला असू शकतो.

मीटर फिरवलाय का, हे टायरवरून कळतं. बाजूच्या चार आकडी शिक्क्यात आठवडा आणि वर्ष असतं. ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. सहा वर्षं जुनी गाडी, ३० हजार रनिंग आणि टायर मात्र दोन वर्षांचे, तर उत्तर मागा. क्लच पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड खोटं बोलत नाही.

कागदांचं थोडक्यात: गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर त्याची नोंद काढायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर तिथली एनओसी. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी, गाडीतून भाडं मारायचा विचार असेल तर सोडा, अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते.

सगळे पैसे गाडीतच घालू नका. किमतीच्या दहा-बारा टक्के बाजूला ठेवा आणि पहिल्याच आठवड्यात ऑइल, सगळे फिल्टर, कुलंट, इंजिनबाहेरचे पट्टे (बेल्ट) आणि ब्रेक ऑइल बदला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आपल्या दमट हवेत तर जास्तच. ओल शोषलेलं ऑइल लांबच्या उतारावर उकळतं आणि पेडल थेट तळाला जातं. टायरची नक्षी कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, पण आपल्या पावसात ३ वर आली की बदला.

गाडी बघायला शक्यतो जुलैत जा. मे महिन्यात सगळ्याच गाड्या कोरड्या असतात. भर पावसात मॅट उचलून फेल्टला हात लावला की दाराची रबरं, काचेची कड आणि फ्लोअरची भोकं सगळं एकदम कळतं.