थांबवलेल्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी

बालविवाह रोखल्याची बातमी वाचली की बरे वाटते. पण दुसऱ्या दिवसापासून त्या मुलीचे काय झाले, हे त्या बातमीत जवळजवळ कधीच नसते. तिची शाळा सुटलेलीच असेल, घरची ओढाताण तशीच असेल आणि ‘मुलगी उजवली की आपण मोकळे’ हा आईवडिलांचा विचारही जागचा हललेला नसेल, तर तेच लग्न काही महिन्यांनी गुपचूप लागण्याची भीती उरतेच.

जगात दरवर्षी सुमारे 1 कोटी 20 लाख मुलींचे लग्न वयाच्या 18 वर्षांआधी होते, असा युनिसेफचा अंदाज आहे. बालविवाहाला कायदेशीर मान्यता असू नये, हे संयुक्त राष्ट्रांनी महिलांविषयीच्या करारात 1979 मध्येच लिहून ठेवले आहे. कायदा हवाच, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु कायद्याला लग्नघटिका दिसते, मुलीला तिथवर आणणारी वर्षे दिसत नाहीत. पुढची शाळा लांब असते, रस्त्याची धास्ती वाटते, धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणीतरी हवे असते. मग घरी बसलेली मुलगी ‘लग्नाची’ ठरायला कितीसा वेळ लागणार? जागतिक आरोग्य संघटनेने 2025 मधील मार्गदर्शक सूचनांत मुलींचे माध्यमिक शिक्षण पूर्ण व्हावे म्हणून आर्थिक साहाय्याची शिफारस केली, ती मला म्हणूनच मोलाची वाटते.

गर्भारपणाच्या बाबतीत तर आपण अधिकच चुकतो. अविवाहित मुलीला ‘बिघडेल’ म्हणून माहिती द्यायची नाही आणि विवाहित मुलीला ‘आता काय गरज’ म्हणून द्यायची नाही, अशी ही विचित्र रीत आहे. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दरवर्षी 2 कोटी 10 लाखांहून अधिक किशोरवयीन मुलींना दिवस जातात आणि त्यांतील सुमारे निम्म्या गर्भधारणा ठरवून झालेल्या नसतात. तेथील किशोरवयीन मातांच्या दर 10 बाळंतपणांपैकी 9 लग्न झालेल्या मुलींची असतात, हे लक्षात घेतले तर संततिनियमनाचा सल्ला सर्वांत आधी कोणाला मिळायला हवा, हे वेगळे सांगावे लागू नये. विशीतल्या मातेपेक्षा या मुलींना गर्भारपणातील झटक्यांचा आणि बाळंतपणानंतरच्या जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो. बाळही अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याची शक्यता वाढते. त्यातच, वय उघड झाले तर गुन्हा दाखल होईल या धास्तीने घरचे तिला दवाखान्यात नेण्यास कचरले, तर जो कायदा तिच्या रक्षणासाठी केला तोच तिच्या उपचारांच्या आड येतो. हा पेच सुटेल इतकी गोपनीयता आरोग्यसेवेने पाळलीच पाहिजे.

माझी सूचना अगदी साधी आहे. रोखलेल्या प्रत्येक लग्नाच्या नोंदीत आणखी एक रकाना असावा, तो वर्षभराने भरला जावा आणि त्यात एवढेच लिहिलेले असावे की ती मुलगी आता कितवीत आहे.