गुरुवार, घट आणि टर्की

२०२५ मध्ये २७ नोव्हेंबरला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आणि थँक्सगिव्हिंग, म्हणजे कोंबडीसारखा मोठा टर्की पक्षी भाजून खायचा अमेरिकेतला सण, एकाच दिवशी आलं, आणि त्याच्या आधी आठ दिवस आमच्या फॅमिली ग्रुपवर जे चाललं होतं ते अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. सुरुवात पुण्याच्या जाऊबाईंच्या मेसेजने झाली, "आई तिकडे आहेत, घट मांडणार ना? मग त्याच दिवशी घरात टर्की कशी काय?" झालं, लगेच दोन तट. एकीकडे 'अमेरिकेत जाऊन देवधर्म सोडला', दुसरीकडे भाचेमंडळी 'अजून कसले गुरुवार करता'. ऑगस्टमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने १५ ऑगस्टला मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायला सांगितली होती तेव्हाही याच ग्रुपवर हीच माणसं भांडली होती, फक्त निमित्त वेगळं. मला दोन्ही बाजूंचा राग येतो, कारण दोघांनीही धरूनच चाललंय की एका छपराखाली एकच काहीतरी होऊ शकतं, एक तर तुमचं नाहीतर आमचं.

आणि ज्यांच्या नावाने हे सगळं चाललं होतं त्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, इथे न्यू जर्सीत आमच्याच घरी होत्या, त्यांना कुणी काही विचारलंच नाही. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "गुरुवार माझा आहे, तुम्ही तुमचं करा. फक्त माझ्या शेगडीवर नको."

बस, तिथून प्लॅनिंग सुरू झालं. थँक्सगिव्हिंग पुढेमागे करता येत नाही, लिंकनने १८६३ साली नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला आणि १९४१ मध्ये इथल्या संसदेने कायदा करून चौथा गुरुवार ठरवला, म्हणजे वार कायम गुरुवारच. दत्ताचा, स्वामींचा, साईबाबांचा उपास धरणारी कितीतरी मराठी घरं इथे दरवर्षी यातून वाट काढतात, आम्हालाच काही पहिल्यांदा सुचलं असं नाही.

टर्की बारा पौंडांची, साडेपाच किलोच्या आसपास. एवढा गोठलेला पक्षी फ्रिजमध्ये सुटायला तीन दिवस लागतात, दर चार-पाच पौंडांना एक दिवस असा हिशोब, म्हणून रविवारी रात्रीच तो गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये गेला, घरातल्या फ्रिजमध्ये नाहीच. बुधवारी नवरा सवयीप्रमाणे धुवायला निघाला होता, त्याला थांबवलं. कच्ची टर्की नळाखाली धुवू नका असं इथलं कृषी खातं सांगतं, पाणी उडून जंतू सगळ्या ओट्यावर पसरतात, आणि आमचा तर ओटाच सोवळ्यात ठेवायचा होता. त्याने पेपर टॉवेलने कोरडी करून मीठ-मिरी चोळली, आणि गुरुवारी दुपारी मागच्या अंगणातल्या गॅस ग्रिलवर ठेवली, मधले बर्नर बंद, कडेचे चालू, झाकण लावून. मांडीत थर्मामीटर खुपसून १६५ फॅरनहाइट दिसेपर्यंत साडेतीन तास तो जॅकेट घालून बाहेर. आई खिडकीतून बघत होत्या आणि म्हणाल्या, "तुझे सासरे असेच बसायचे." सांगलीकडच्या आमच्या घरी मटण कायम परसात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात, आणि सासरे स्वतः शिजवायचे. आई रविवारी तांबडा रस्सा चवीने खाणाऱ्या, गुरुवारी त्याच आई निर्जळी असल्यासारख्या कडक. कुणाला त्यात विसंगती वाटली नाही कारण चूल वेगळी होती, वार ठरलेला होता, आणि कोण काय करणार हेही ठरलेलं होतं. ही अक्कल आपल्याकडे होती हो, अमेरिकेतून आणायची गरज नाही.

आतला ओटा आईंचा. क्रॅनबेरीचा मेथांबा करायचा होता, कैरीच्या जागी क्रॅनबेरी, इथलं छोटं लाल आंबट फळ. तेलात मोहरी तडतडली, मेथीदाणे बदामी झाले, हिंग-हळद पडली आणि बारा औंसाची अख्खी पिशवी आत. दोन मिनिटांत फळं फटफट फुटायला लागतात, मग गूळ, तिखट, मीठ. आईंचा उपास म्हणजे चव बघायची सोय नाही, त्या पळीवर थेंब उचलून तो किती संथ पडतो ते बघत होत्या आणि वास घेऊन म्हणाल्या अजून थोडा गूळ टाक. टाकला. अगदी बरोबर होतं! घारगे डब्यातल्या भोपळ्याच्या गराचे केले, तो गर फार ओला असतो, आधी कढईत आटवून घ्यावा लागतो नाहीतर कणीक पीत राहते. रताळ्यावर इथे मार्शमेलो घालतात, त्यात जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असतं म्हणून आम्ही गूळ आणि पेकान, म्हणजे अक्रोडासारखा इथला सुकामेवा, घातले. आणि एक सांगते, रताळं, बटाटा, शेंगदाणा, मिरची, ज्यापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, हे सगळं अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आपल्याकडे आलंय, म्हणजे आपल्या उपासाचं अर्धं ताट इथल्याच मातीतलं. ग्रुपवर 'परकीय सण' म्हणणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं.

इथे सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. या दिवसावर इथेही वाद आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये प्लिमथला मूळनिवासी लोक १९७० पासून हा शोकदिन पाळतात आणि मला त्यांचं दुःख खरं वाटतं, म्हणून १६२१ साली इंग्लंडहून आलेले वसाहतवाले आणि मूळनिवासी एकत्र जेवले, ती गोडगोड गोष्ट आम्ही मुलीला तशीच्या तशी सांगत नाही. आम्ही भाड्याच्या घरात होतो तेव्हा फोडणीच्या वासावरून दारावर चिठ्ठी लागली होती, ती अजून सलते. पण म्हणूनच मुंबईत मासे-मटण खाणाऱ्याला घर नाही म्हणणाऱ्या सोसायट्यांबद्दल वाचलं की मला जास्त लागतं, कारण परक्या देशात परकं वाटणं समजू शकतं, आपल्याच गावात कुणी आपल्या स्वयंपाकघराची झडती घ्यावी हे नाही समजत. तसंच भाच्यांनाही माझं सांगणं आहे, तुमची आजी चार गुरुवार घट मांडते त्यात तुमचं काय जातं? मटणाच्या दुकानाला कुलूप लावणारा आणि आजीच्या घटाला नावं ठेवणारा, दोघांनाही दुसऱ्याच्या ताटात हात घालायचाय.

साडेचारच्या सुमारास इथे सूर्य मावळतो, म्हणून जेवण दुपारी न ठेवता साडेपाचला ठेवलं. आईंनी कहाणी वाचली, आरती झाली, शेजारचं जोडपं बूट काढून मागे उभं होतं. नैवेद्य दाखवून आईंनी उपास सोडला आणि सगळे एकदमच टेबलावर बसलो, शाकाहारी पदार्थ एका टोकाला, टर्की दुसऱ्या टोकाला, डाव प्रत्येकाचे वेगळे. शेजारणीने मेथांबा तीनदा घेतला, टर्कीबरोबर. आई बघत होत्या, काही बोलल्या नाहीत, वाटी तिच्याकडे सरकवली.

फोटो ग्रुपवर टाकला, घट आणि टेबल दोन्हीचा. जाऊबाईंनी फक्त विचारलं, "मेथांब्याला गूळ किती?" रात्री आई पंचांग घेऊन बसल्या, पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, मार्गशीर्ष डिसेंबरात जातो, त्यामुळे दोन्ही एका दिवशी येत नाही. "मग घारगे जास्त करू," म्हणाल्या, "यंदा पुरले नाहीत."