शिकवणारे हातच वाजवणारे असतात

विद्यापीठात नोकरी लागली की तालवादकाचं वाजवणं मागे पडतं, हे पाश्चात्त्य तालवाद्यांच्या शिक्षकांवरच्या लेखातलं विधान मला पटलं नाही. या क्षेत्रात तर शिक्षकांनीच वाद्यांना मंच मिळवून दिला. तालवादक-शिक्षक पॉल प्राइस यांनी १९५० मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात तालवाद्यवृंदाला रीतसर अभ्यासक्रमात आणलं. संगीतकार एडगार व्हारेझ यांची १३ तालवादकांसाठीची रचना 'आयोनिझासिआँ' १९३१ मध्येच लिहून झाली होती, पण असं संगीत नेमानं बसवणारे वृंद पुढे विद्यापीठांतूनच वाढले. जपानी वादक केइको आबेंनीही मारिंबा (काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य) वाजवता वाजवताच शिकवला.

शिवाय हा शिक्षक एकाच वाद्याचा नसतो. स्नेअर ड्रम (खाली तारा ताणलेला छोटा ढोल), टिंपनी (सुरात लावायचे मोठे नगारे), झायलोफोन (मारिंबासारखंच, पण लहान वाद्य), चार काठ्यांनी वाजवायचा मारिंबा, सगळंच हाताखालून जावं लागतं. टिंपनीचंच घ्या. बाकीचा वाद्यवृंद वेगळ्याच सुरात वाजत असताना कान नगाऱ्याच्या पडद्याजवळ नेऊन, पायानं पेडल दाबत पुढचा सूर लावायचा! हे फळ्यावर समजावता येत नाही. (मलाही ते माझ्या सरांच्या शेजारी उभं राहूनच उमगलं.) सर आदल्या रात्री स्वतः मैफलीत वाजवून आलेले असत, आणि सकाळच्या तासाला काठी कशी धरायची हे सांगताना त्यांच्या हातात तो ताजेपणा दिसायचा. बढतीच्या अर्जात मैफलींनाही शोधनिबंधाइतकंच वजन मिळायला हवं, त्यावर लेखकानं जरूर लिहावं.