सूझाचे बाकीचे मार्च कधी वाजवणार?

बँडने काय वाजवावं यावरच्या लेखात म्हटलंय, लोकांना ओळखीचंच हवं असतं, म्हणून बँडने सूझाच्या 'द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर' या गाजलेल्या मार्चवरच (मार्च म्हणजे कवायतीच्या ठेक्यावरची बँडरचना) भागवावं. नाही पटलं. अमेरिकन संगीतकार जॉन फिलिप सूझाने 130 हून अधिक मार्च लिहिले, वाजतात मोजके पाच-सहा! आम्ही न्यू जर्सीतल्या हौशी बँडने 1923 चा 'नोबल्स ऑफ द मिस्टिक श्राइन' बसवला. सुरुवातच मायनरमध्ये (पाश्चात्त्य संगीतातली उदास छटेची स्वररचना), मग खंजिरी-घुंगरांचा तुर्की थाट आणि चक्क हार्प, म्हणजे बोटांनी छेडायचं मोठं तंतुवाद्य. (मार्चमध्ये हार्प! आम्ही कीबोर्डवर निभावलं.) पहिल्या तालमीत आम्ही क्लॅरिनेटवाले तिसऱ्या ओळीतच घसरलो. कार्यक्रमात मात्र पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी काठीने ठेका धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांनी तरी हा मार्च आधी कुठे ऐकला होता?