कव्हर तुमचं, कॅसेट आमची

आमची बिल्डिंग पुनर्विकासाला जाणार आहे. नौपाड्यात सध्या ज्यांची जात नाही त्यांच्याकडे लोक जरा कीव केल्यासारखं बघतात, त्यामुळे आम्ही खुशीत होतो. बिल्डर भाडं देणार, टेम्पोचे पैसे देणार. पण घर रिकामं करायचं म्हणजे माळा उपसायचा, आणि माळा उपसताना निघणाऱ्या जुन्या देण्याघेण्यांबद्दल करारनाम्यात एक ओळसुद्धा नसते.

टीव्हीच्या जुन्या खोक्यात भरलेल्या कॅसेटी मी खाली उतरवल्या त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात. त्यांना सुगावा कसा लागतो हे मी आता विचारत नाही.

"अरे, माझं एक कव्हर आहे तुमच्याकडे. तेवढं दे. तुम्ही जाणार घोडबंदरला, मी खारीगावला, मग राहूनच जाईल."

ते नरसिंह राव पंतप्रधान होते तेव्हापासून राहिलेलं होतं.

मी तत्परतेने खोक्यातले पाच-सहा घडीचे कागद काढून त्यांच्यापुढे धरले. आमच्या घरी कव्हर म्हणजे हा कागद. एका बाजूला नट-नट्या, दुसऱ्या बाजूला गाण्यांची यादी, आणि यादी इतकी बारीक की गायकाचं नाव वाचेपर्यंत गाणं संपायचं.

"हे नाही रे. कव्हर! प्लास्टिकचं!"

"म्हणजे डबी म्हणा ना," आई आतून म्हणाली. आईने 'डबी' म्हटलं की आमच्याकडे हळदीकुंकवाची, वेखंडाची आणि सुटे पैसे ठेवायची अशा तिन्ही निघतात, चौथीची वेळ येतच नाही. राम मारुती रोडवरचा आमचा नेहमीचा दुकानदार 'बॉक्स' म्हणायचा. बाबा 'केस' म्हणतात. "माझी केस कुठे गेली?" असं ते म्हणाले की कोणीही त्यांच्या डोक्याकडे बघायचं नाही, असा घरात दंडक आहे.

भाचीने मोबाइलवर शोधून ज्ञानात भर घातली. अमेरिकेत त्या डबीला 'नोरेल्को बॉक्स' म्हणतात, कारण फिलिप्सचा माल तिकडे नोरेल्को या नावाने विकला जायचा. आणि आतल्या कागदाला 'जे-कार्ड', कारण घडी घातल्यावर तो कडेने इंग्रजी जे अक्षरासारखा दिसतो.

"फिलिप्स म्हणजे बल्बवाले ना?" काकू म्हणाल्या.

तेच. याच बल्बवाल्यांनी १९६३ साली कॅसेट आणली. चार मिलिमीटरहून कमी रुंदीची फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर सरकणारी. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये अशी ८५-९० मीटर फीत गुंडाळलेली असते. हे मी काकूंना सांगितलं. "ती बाहेर आली की कळतंच," काकू म्हणाल्या, आणि पेन्सिल घालून फीत आत घेण्यात ज्यांची दुपार गेली आहे ते या उत्तरापुढे काय बोलणार?

ती डबी मात्र विचार करून बनवलेली वस्तू आहे, हे मान्य केलं पाहिजे. झाकण उघडलं की आत दोन छोटे खुंट दिसतात. कॅसेट बसवली की ते बरोबर तिच्या दोन चाकांत जातात, म्हणजे पिशवीत कितीही आपटली तरी चाकं फिरत नाहीत आणि फीत सैल पडत नाही. झाकण ज्यावर फिरतं ते कोपऱ्यातले दोन कान मात्र कोणी संतापाच्या भरात बनवले असावेत. डबी पलंगावरून पडली तरी कान जातो. मग झाकण एका बाजूने लोंबतं, त्याला रबर लावायचं, आणि मे महिन्यात ते रबर वितळून डबीला असं चिकटतं की दोघांना वेगळं करता येत नाही. आमच्या खोक्यात धड दोन्ही कान असलेल्या डब्या शोधाव्या लागल्या. कॅसेटींवर ठाण्याच्या पावसाळ्यांची पांढरी बुरशी होती, ती न शोधता सापडली.

"तुमचं कसं ओळखायचं?"

"कोपऱ्यात लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे."

भांड्यांवर नाव घालता येतं, प्लास्टिकवर येत नाही, म्हणून काकूंनी त्या काळी ठिपक्याची पद्धत काढली होती. इतकी दूरदृष्टी आमच्या सोसायटीच्या कमिटीत असती तर बाल्कनीचे चार फूट वाढवून मिळाले असते.

मूळ प्रकरण असं की काकांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून नाट्यसंगीत भरून घेतलं होतं. मध्ये कुकरच्या शिट्ट्या आहेत, पण गाणं उत्तम. ती कॅसेट आम्ही ऐकायला आणली आणि परत केली, कव्हराशिवाय. तेव्हापासून ती काकूंकडे दुधाच्या पिशवीत आहे.

ठिपका सापडला. काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी झाकण उघडलं. आत कॅसेट, आणि तिच्यावर बाबांचं अक्षर: 'गणेशोत्सव, भावगीत स्पर्धा, उत्तेजनार्थ'.

बाबा पेपर टाकून उठले. ही कॅसेट आईने मुद्दाम टाकून दिली असा त्यांचा जाहीर आरोप होता आणि तो प्रत्येक गणपतीत नव्याने व्हायचा. आई काहीच बोलली नाही. फक्त पंख्याचा वेग वाढवून समोर येऊन बसली.

"वहिनी, कव्हर तुमचं, पण कॅसेट आमची," बाबा म्हणाले.

"घ्या की भावजी."

"उघडी? फितीला धूळ लागेल."

"माझी इतकी वर्षं पिशवीतच होती हो."

आईने एका कानाची डबी पुढे केली. बाबांनी ती नाकारली. मी रबर शोधायला लागलो. शेवटी दोन्ही कानांची, 'सत्यनारायण पूजा, बाजू ब' असा कागद असलेली डबी बाबांना मिळाली, आणि सत्यनारायण उघडा पडला. त्यावर आई आणि काकू दोघींचं एकमत होतं की हे बरोबर नाही. आता त्याची डबी कोणाकडे गेली असेल याचा विचार सुरू झाला. दुसऱ्या मजल्याचं नाव निघालं.

"आधी माझी लावू या का?" बाबा म्हणाले.

टेपरेकॉर्डर परवाच भंगारवाल्याने नेला होता. कॅसेटी त्याने उचलूनसुद्धा बघितल्या नाहीत. "ये कोई नहीं लेता साहब," म्हणाला, आणि टेपरेकॉर्डरबरोबर खालचं स्टूलही घेऊन गेला. तिसऱ्या मजल्यावरचा टेपरेकॉर्डर कधी गेला ते काकूंना आठवत नव्हतं.

"मग तुमची तरी कशावर ऐकणार?" मी विचारलं.

"ऐकायचंय कोणाला?" काकू ठिपका पदराने पुसत म्हणाल्या. "उद्या टेम्पो येतोय. सामानात उघडी कशी टाकू?"