रेडके पाळून दोन वर्षांत पैसे दुप्पट: हा हिशेब कुठे चुकतो

गेल्या महिन्यापासून कर्नाटकातल्या निपाणी, चिकोडी आणि खानापूर भागातल्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतो आहे. म्हैसवाल्यांना नको असलेली दहा रेडके स्वस्तात घ्यावीत, घरच्या वैरणीवर दोन वर्षे वाढवावीत आणि मांसाच्या भावाने विकावीत. कर्ज सरकार देते आणि जनावर दगावले तर विमा भरून देतो, असे त्यात सांगितले आहे. आमच्या भावकीतला एक तरुण आईचे दागिने तारण ठेवून या धंद्यात उतरायला निघाला होता. त्याच्याबरोबर वही घेऊन जो हिशेब केला, तो इथे मांडतो, कारण त्याच्यासारखे तरुण गावोगावी आहेत.

सगळा नफा विक्रीवर अवलंबून आहे, म्हणून आधी विक्रीच पाहू. कर्नाटकाच्या २०२० च्या गोहत्याबंदी कायद्यात गाय, वासरू, वळू आणि बैल तर येतातच, पण १३ वर्षांखालील म्हैस आणि रेडाही येतो. म्हणजे दोन वर्षांचा रेडा या राज्यात कत्तलीसाठी विकता येत नाही, विकत घेता येत नाही आणि त्यासाठी गाडीत भरताही येत नाही. कत्तलीच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षांची कैद आणि दर जनावरामागे ५०,००० ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. व्हिडिओत याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

यावर काहीजण म्हणतात की सीमेवरचे कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रातल्या कागलकडे गेले की प्रश्न मिटतो, कारण महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे ती गाय, वळू आणि बैलांवर. म्हैसवर्ग त्यातून बाहेर आहे. पण कत्तलीसाठी जनावर राज्याबाहेर नेणे कर्नाटकाचा कायदाच रोखतो, आणि गोठा कर्नाटकात असेल तर जनावराला निघावे इथूनच लागते. ज्या मालाला कायदेशीर गिऱ्हाईक नाही, त्याचा भाव पडेल त्या किमतीला मागणारा दलालच ठरवतो. कायदा योग्य की अयोग्य हा वाद वेगळा आहे. आईचे दागिने तो वाद संपेपर्यंत थांबत नाहीत.

'घरच्या वैरणीला पैसे लागत नाहीत' हा दुसरा मुद्दा ऐकायला गोड वाटतो, पण तो खरा नाही. वाढते जनावर रोज आपल्या वजनाच्या सुमारे अडीच टक्के कोरडी वैरण खाते. ४० किलोंचे रेडके दोन वर्षांत ३०० किलोंचे करायचे तर सरासरी वजन १७० किलो धरावे लागते, म्हणजे रोज सव्वाचार किलो आणि दोन वर्षांत एका जनावराला सुमारे ३ टन. दहा जनावरांना ३० टनांच्या वर वैरण लागते, आणि हे वजन सुक्या भाराचे आहे. हिरव्या चाऱ्यात तर बहुतांश पाणीच असते. उसाचे वाडे कारखाने सुरू असतात तेवढेच महिने मिळते. मार्चनंतर कडबा विकत घ्यावा लागतो, आणि खानापूरकडे भाताचे पिंजर असले तरी नुसत्या पिंजरावर जनावराच्या अंगाला मांस चढत नाही. त्यासाठी पेंड लागते, आणि ती रोख पैशानेच आणावी लागते.

त्याआधीचा खर्च तर कुणी धरतच नाही. ३० किलोंच्या रेडकाला पहिले तीन महिने रोज सुमारे ३ लिटर दूध लागते, म्हणजे एकेकाला अडीचशे लिटरांच्या पुढे. म्हैसवाले रेडके स्वस्तात देतात ती या दुधामुळेच. दूध तोडून बाजारात आणलेले रेडके पोट खपाटीला गेलेले, शेपटाखाली हगवणीने माखलेले आणि दावणीला मान टाकून बसलेले असते. आमच्या गोठ्यात असे एक आले होते. चार दिवस सलाईन आणि औषधे दिली, पाचव्या दिवशी सकाळी ते उठले नाही. दहांतली दोन अशी गेली तर त्यांचे पैसे उरलेल्या आठांतूनच काढावे लागतात.

कर्ज आणि विम्याचे थोडक्यात सांगता येईल. पशुपालनासाठीचे किसान क्रेडिट कार्ड खेळत्या खर्चासाठी आहे, जनावर घेण्यासाठी नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानातील ५० टक्के भांडवली अनुदान शेळी-मेंढी, कुक्कुट, वराह आणि वैरण अशा प्रकल्पांना मिळते. मांसासाठी रेडे पाळण्याला ते नाही. विम्याचे पैसे मिळतात ते कानात टॅग असलेले जनावर मेल्यावर. वजन भरले नाही, भाव पडला किंवा २०२२ च्या लम्पीच्या साथीत झाले तसे जनावरांचे बाजारच बंद पडले, तर विमा काही देत नाही. व्याज मात्र त्या महिन्यांतही चालू राहते, कारण या धंद्यात दोन वर्षे एक रुपयाही हातात येत नाही. दुधाचे बिल निदान दहा दिवसांनी तरी मिळते.

त्या तरुणाने दागिने अजून घरातच ठेवले आहेत. सध्या तो एका गाभण पंढरपुरी म्हशीची चौकशी करतो आहे, आणि तिचाही हिशेब आम्ही त्याच वहीत, भाकड महिन्यांची वैरण आधी धरून, मांडायला घेतला आहे.