थंड उत्तरेत कोळी नसतात, हे खरे नाही

उत्तर ध्रुवाकडच्या थंड प्रदेशांत कोळी जगत नाहीत, जे थोडे आढळतात ते उबदार घरांच्या आश्रयाने तगतात आणि तेही अलीकडच्या तापमानवाढीमुळेच तिथे पोहोचले आहेत, असा एक मजकूर समाजमाध्यमांवर वरचेवर फिरतो. त्यातील तिन्ही विधाने चुकीची आहेत.

पहिले विधान आकड्यांपुढेच टिकत नाही. कॅनडात कोळ्यांच्या सुमारे 1,400 आणि लहानशा फिनलंडमध्ये 600 हून अधिक प्रजातींची नोंद आहे. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना प्रजातींची एकूण संख्या घटते हे मान्यच आहे. नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्डसारख्या दूरच्या द्वीपसमूहात ती जेमतेम वीसच्या घरात येते. मात्र ही घट सर्व कुळांना सारखी लागू होत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट त्या मजकुरातून सुटली आहे. जमिनीलगत चादरीसारखी आडवी जाळी विणणाऱ्या, बहुधा काही मिलिमीटरच्याच असणाऱ्या कोळ्यांचे लिनिफिडी हे कूळ उत्तरेकडच्या समशीतोष्ण आणि थंड पट्ट्यातच सर्वाधिक बहरले आहे. फिनलंडमधील सुमारे निम्म्या प्रजाती त्याच कुळातील आहेत, तर स्वालबार्डवर दुसरे कूळ शोधावेच लागते. मोठा, केसाळ कोळी दिसला नाही म्हणून कोळीच नाहीत असे ठरवणे हा निरीक्षणाचा दोष आहे, निसर्गाचा नव्हे.

थंडीने ते मरत कसे नाहीत, हा प्रश्न मात्र रास्त आहे. तापमान शून्याखाली उतरले तरी शरीरातील द्रव गोठू न देण्याची क्षमता अनेक प्रजातींत असते आणि काहींमध्ये ग्लिसरॉलसारखी द्रव्ये तिला हातभार लावतात. शिवाय जाड बर्फाखालची जमीन उघड्या हवेपेक्षा पुष्कळच उबदार राहते, त्यामुळे पालापाचोळ्यात आणि शेवाळात हिवाळा निभावतो. नॉर्वेत तर हवा शून्याच्या आसपास असताना काही लिनिफिडी कोळी भर हिवाळ्यात बर्फावरून चालताना आढळले आहेत. उन्हाळा तोकडा असल्याने आर्क्टिकमधील लांडगा कोळ्यांना (जाळे न विणता जमिनीवर धावून शिकार करणाऱ्या कोळ्यांना) प्रौढ होण्यास एकाहून अधिक वर्षे लागतात. तेथे घाई परवडत नाही.

घरांच्या आश्रयाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण टुंड्रात, म्हणजे उत्तरेकडच्या वृक्षहीन, गोठलेल्या प्रदेशात, घरे तरी किती आहेत!

तापमानवाढीचे विधान अधिक फसवे आहे, कारण त्यात सत्याचा अंश आहे. ‘पार्डोसा ग्लेशियालिस’ या लांडगा कोळ्याचे वर्णन स्वीडिश अभ्यासक टॉर्ड टामरलान थोरेल यांनी 1872 मध्येच केले होते, म्हणजे ही प्रजाती तिथली जुनीच रहिवासी आहे. ईशान्य ग्रीनलंडमधील झाकेनबर्ग येथील दीर्घकालीन निरीक्षणांतून 2020 मध्ये असे दिसून आले की, बर्फ लवकर वितळलेल्या वर्षांत तिच्या काही माद्या एकाच उन्हाळ्यात अंड्यांची दुसरी पिशवीही तयार करतात. तापमानवाढीने तिथल्या कोळ्यांच्या विणीचे वेळापत्रक बदलले आहे. त्यांना तिथे आणलेले नाही.